पांढऱ्या नाडीची पिशवी

मंगळवार, सकाळी आठ वाजून पन्नास मिनिटं. दुकानाच्या मागच्या दाराच्या पायरीवर एक कापडी पिशवी होती. तोंड पांढऱ्या नाडीनं बांधलेलं, वर सुरगाठ. ठेवणारं माणूस गल्लीत दिसलं नाही.

यात वेगळं काही नव्हतं. आमचं दुकान जुन्या वस्तूंचं. लोक घरातलं नको झालेलं सामान आणून देतात, आम्ही ते निवडतो, झटकतो, डागडुजी करतो आणि स्वस्तात विकतो. येणारा पैसा इस्पितळाच्या मुलांच्या वॉर्डला जातो. काही लोकांना देताना कोणी पाहिलेलं आवडत नाही. ते दुकान उघडायच्या आधी पिशवी पायरीवर टाकून जातात. कधी त्यात कोरा कोट निघतो, कधी एकाच पायाचे तीन बूट.

दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळे कप्तान म्हणतात. त्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावर शिट्टी सुटली, आवाज राहिला. मी वर्तमानपत्रात तीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या तपासल्या. आता इथे मागच्या खोलीत, लांब टेबलावर, दुसऱ्यांचे कपडे तपासते. शिवण पाहायची, खिसे उलटे करायचे, ढिलं बटण दिसलं की तिथल्या तिथे लावायचं. मग त्या आठवड्याच्या रंगाचं लेबल. पाच आठवड्यांत जे विकलं जात नाही ते गठ्ठ्यात जातं. गठ्ठा गाडीतून चिंध्यांच्या कारखान्यात जातो आणि तिथे त्याची यंत्रं पुसायची फडकी होतात.

त्या पिशवीत तान्ह्या बाळाचे कपडे होते. चार झबली, दोन टोपडी, लोकरीचे मोजे. वापरलेले, पण स्वच्छ धुतलेले आणि घडी मोडणार नाही असे रचलेले. एका झबल्याच्या बटणांवर माझा हात थांबला.

चार भोकांचं बटण बहुतेक लोक फुलीनं लावतात, नाहीतर दोन समांतर टाक्यांनी. माझी आई डावखुरी होती. ती एका भोकातून तीन टाके काढून उरलेल्या तीन भोकांत नेई. कोंबडीचा पाय उमटावा तसे. मीही डावखुरी, मलाही तेच वळण लागलं. तिच्याखेरीज आणि माझ्याखेरीज असं बटण लावणारं माणूस मी पाहिलेलं नाही. झबल्याची तिन्ही बटणं कोंबडीच्या पायाची होती.

आपण पाहिलेलं नाही म्हणजे ते नाहीच, असं नसतं. हे मी तीस वर्षं इतरांना ऐकवलं होतं. मी पिवळी लेबलं लावली. दोन दिवसांत सगळं विकलं गेलं.

पुढच्या मंगळवारी, आठ पन्नासलाच, तशीच पिशवी. तीच नाडी, तीच गाठ. आत वर्षाच्या मुलाला होतील असे कपडे. हेही विकले गेले.

तिसऱ्या मंगळवारी दोन वर्षांच्या मापाचे कपडे आले. त्यात एक निळी पँट होती आणि तिच्या उजव्या गुडघ्याला ठिगळ होतं.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला करड्या कापडाचा पडदा आहे. त्यावर लाल छत्र्या छापलेल्या आहेत. ते कापड याच दुकानात आलं होतं, कोणीतरी हौसेनं हातानं छापलेलं, एवढा एकच तुकडा. छापणाऱ्याचा एक ठसा चुकला होता. दर चौथ्या छत्रीची मूठ उलट्या बाजूला वळलेली आहे. त्या चुकीसाठीच मी तो घेतला.

ठिगळावर दोन छत्र्या होत्या. एकीची मूठ उलटी. ठिगळाच्या कडेला नखाएवढा तपकिरी डाग होता, इस्त्रीचं टोक टेकल्यावर पडतो तसा, चंद्रकोरीसारखा. टाके एक्केचाळीस.

दुपारच्या सुट्टीत मी पँट पिशवीत घालून घरी गेले. पडदा खिडकीला होता. काढून टेबलावर पसरला, चारही कडा तपासल्या. कुठे कापलेला नव्हता, कुठे जळलेला नव्हता. परत टांगला आणि वेळेवर कामावर आले.

संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"आई, बसली आहेस का?"

"बसूनच असते मी. बोल."

"तिसरा महिना लागलाय."

मी हातातली पँट बाजूला ठेवली. मग विचारलं, "आधी का नाही सांगितलंस?"

"आधीच्या दोन्ही वेळा सांगितलं होतं ना," ती म्हणाली.

त्या दोन्ही वेळा बाळ तिसरा महिना पार करू शकलं नव्हतं.

फोन ठेवून मी पँट पुन्हा हातात घेतली. एका तान्ह्या बाळाचे कपडे, मग वर्षाच्या मुलाचे, मग दोन वर्षांच्या मुलाचे. त्या घटकेला मला भीती वाटली नाही हे नमूद केलं पाहिजे. मला आनंद झाला. बाळ जन्माला येणार होतं. चालणार होतं, पडणार होतं, गुडघा फोडून घेणार होतं.

तिथून पुढे मंगळवारची पिशवी मी लेबल लावायच्या आधीच विकत घेऊ लागले. तीन वर्षांच्या मापाचे कपडे. चार. पाच. फ्रॉक येऊ लागले तेव्हा कळलं, मुलगी आहे. घरी एक पत्र्याची ट्रंक होती, त्यात सगळं रचून ठेवत होते. कप्तान एकदा ओरडल्याच, "काय हो, पाळणाघर काढताय की काय?"

"नातीची तयारी."

"नात? अजून पत्ता नाही आणि तुम्ही तिला पहिलीत बसवलीत?"

लेकीला डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं. ती छताकडे बघत विचारायची, "होईल ना गं नीट?" मी म्हणायचे, "होईल." ती म्हणायची, "तुला काय माहीत?" मी म्हणायचे, "मला माहीत आहे." आयुष्यात इतक्या ठामपणे मी एकही बातमी सोडली नसेल.

आठव्या पिशवीत सात वर्षांच्या मापाचे कपडे होते. एक लाल कोट, त्याची चार बटणं काळी आणि वरून दुसरं हिरवं. पाचही कोंबडीच्या पायाची.

त्याच आठवड्यात पावसानं पायरीवरच्या इतर पिशव्या भिजल्या. एकीत ओल्या गाद्या निघाल्या, एकीत मेलेला उंदीर. कप्ताननी फर्मान काढलं: दुकान बंद असताना ठेवलेली पिशवी उघडायची नाही, सरळ गठ्ठ्याच्या गाडीत. "आणि पाटी तुम्ही लिहा," त्या मला म्हणाल्या. "तुमची भाषा अशी असते की वाचणारा आपोआप सरळ उभा राहतो."

मी लिहिली. 'दुकान बंद असताना येथे पिशव्या ठेवू नयेत. ठेवलेल्या पिशव्या उघडल्या जाणार नाहीत.' मंगळवारचा अपवाद करा, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. कारण काय देणार? मनाशी हिशेब केला की मंगळवारी मी नेहमीप्रमाणे आठ पन्नासला येईनच, गाडी येते नवाच्या सुमारास, मधल्या मध्ये पिशवी उचलून घेईन. सोमवारी संध्याकाळी माझ्याच हातानं पाटी दारावर लावली.

त्या सोमवारी लेकीची तपासणी होती. डॉक्टरांनी ती मंगळवारी सकाळवर ढकलल्याचं रात्री कळलं आणि मला तिच्यासोबत जावं लागलं. मी दुकानात पोहोचले नऊ वाजून वीस मिनिटांनी. पायरी रिकामी होती. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळत होती. मी हात केला.

गाडीवाला खिडकीतून म्हणाला, "काय ताई?"

"पायरीवरच्या पिशव्या उचलल्यास?"

"उचलल्या की. पाटी तुमचीच ना? पाटीप्रमाणे केलं."

"किती होत्या?"

"चार. नाही, पाच असतील. चारच."

"एकीला पांढरी नाडी होती का?"

"मी काय वैद्य आहे, ताई, नाड्या बघायला? पिशवी ती पिशवी."

गाडीच्या मागच्या भागात गठ्ठे छतापर्यंत होते आणि त्याला तीन ठिकाणी जायचं होतं. मी दुसऱ्या दिवशी कारखान्यावर गेले.

लांब पत्र्याची शेड. बायका रांगेत बसलेल्या, समोर जमिनीत रोवलेली उभी पाती. कपडा पात्यावर ओढायचा, चौकोन बाजूला, बटणं आणि चेन पिंपात. काल आलेला आमचा माल कापून झाला होता. टोकाच्या बाईला मी लहान मुलीच्या कपड्यांबद्दल विचारलं.

"मुलांचे कपडे म्हणजे वैताग," ती म्हणाली. "हातभर कापड आणि मूठभर बटणं. काय हरवलंय? सोन्याचं होतं का?"

"नाही. बटण होतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पिंपाकडे. "बसा," ती म्हणाली. "दुपारी चहा येतो."

पात्यावर कापलेल्या बटणाला दोरा तसाच राहतो. चार वाजेपर्यंत मला कोंबडीच्या पायाची अकरा बटणं सापडली. ती तळहातावर घेऊन उठले, आणि मग लक्षात आलं. तीन वर्षं मी त्या टेबलावर बसून दुकानातल्या शेकडो कपड्यांना बटणं लावत होते. त्यातले न विकलेले सगळे इथेच येत होते. अकराही बटणं माझी होती, यात शंका नव्हती. त्यातलं एखादं नवव्या पिशवीतलं होतं का, हे सांगायला काहीच उरलं नव्हतं.

मी पाटी काढून टाकली. कप्तान रागावल्या. पुढचे तेरा मंगळवार सकाळी सातपासून पायरीसमोर उभी राहिले. पांढऱ्या नाडीची पिशवी पुन्हा आली नाही.

म्हणजे दोन शक्यता होत्या. नववी पिशवी आली, गाडीत गेली, आणि ठेवणाऱ्यानं पाटी वाचून येणं बंद केलं. किंवा नववी पिशवी आलीच नाही. दुसरीचा अर्थ मी मनातसुद्धा पूर्ण वाक्यात मांडला नाही.

मुलगी झाली. वजन कमी, आवाज खणखणीत. जावयानं पहिल्याच दिवशी नाव पाडलं, मुंगी. तेच राहिलं.

मी तिला ट्रंकेतलं काहीही घातलं नाही. त्याची गरज पडली नाही. तसेच कपडे आपोआप येत गेले, कोणी भेट म्हणून दिले, काही लेकीनं बाजारातून आणले. बटणं ढिली झाली की लेक म्हणायची, "आई, तूच लाव, तुझी निघत नाहीत." मी लावत होते. फुलीनं लावायचा प्रयत्न केला. हात वळायचा तसाच वळत होता.

पहिल्या वाढदिवसानंतर लेकीनं माझ्या हातात पिशवी दिली. "हिला होत नाहीत आता. तुझ्या दुकानाला." तोंडाला पांढरी नाडी होती.

"ही नाडी कुठली?"

"ह्यांच्या जुन्या पायजम्यातली. का गं? चोरीचा माल आहे का?"

मी ठरवलं होतं की पिशवी कप्तानच्या हातात द्यायची. सकाळी गेले तर त्या आल्या नव्हत्या. पिशवी पायरीवर ठेवली, दुकानाच्या पुढच्या बाजूला वळून शटर पाहिलं, परत आले. एक मिनिटही गेलं नसेल. पायरी रिकामी होती. ती गल्ली एका टोकाला बंद आहे आणि दुसऱ्या टोकाला मी उभी होते. घड्याळात आठ पन्नास झाले होते. वार मंगळवार, हे मला तेव्हा आठवलं.

दुसऱ्या वर्षी मी पिशवी घरीच ठेवून घ्यावी असा विचार केला. दोन दिवस ठेवली. न नेल्यानं काय होईल, हा विचार नेल्यानं काय होईल यापेक्षा जास्त वाईट होता. मंगळवारी नेऊन ठेवली.

तिसरं वर्ष लागलं तेव्हा लेक माझ्याकडे राहायला आली होती. स्वयंपाकघरात इस्त्री करत होती. फोन वाजला, ती वळली, इस्त्रीचं टोक पडद्याला लागलं. चंद्रकोर.

चार दिवसांनी मुंगी अंगणात पडली. निळी पँट, उजवा गुडघा. मी तपकिरी कापडाचं ठिगळ कापून तयार ठेवलं. मुंगी रडत होती, "छत्री पाहिजे, छत्री." मी सुई ओवून मान वर केली, तेवढ्यात लेकीनं पडद्याचा जळका कोपरा कात्रीनं कापला होता.

"तसाही खराब झालाय," ती म्हणाली. "लाव की. बघ कशी थांबली रडायची."

मी मुद्दाम न मोजता शिवलं. मोजलं नंतर. एक्केचाळीस.

दर वर्षी एक पिशवी जात राहिली. मुंगी शाळेत जाऊ लागली, गुणाकार शिकली, माझ्या चष्म्याची नक्कल करू लागली. मी एकीकडे तिसऱ्या शक्यतेचा विचार करत होते. पिशवी ठेवणारी मी होते. मग पिशव्या थांबल्या याचा सरळ अर्थ असा की नवव्या पिशवीच्या वेळी ठेवायला मी नसेन. सगळं जुळत होतं. माझं वय सत्तरीकडे झुकलं होतं. या शक्यतेनं मला पुन्हा शांत झोप लागू लागली. वर्षातून एकदा तपासणी करून घेत होते. डॉक्टर दर वेळी म्हणायचे, "तब्येत उत्तम आहे, शंभरी गाठाल." दर वेळी मी नाराज होऊन परत यायचे.

आठव्या वाढदिवसाच्या आधी मी काळ्या बटणांचं अख्खं पाकीट आणून ठेवलं होतं. लाल कोटाचं दुसरं बटण तुटलं, मी पाकीट उघडलं. मुंगीनं माझ्या शिवणाच्या डब्यात हात घातला.

"हे हिरवं."

"काळं लावू या गं. सारखं दिसेल."

"सारखं कशाला दिसायला पाहिजे, आजी?"

मी हिरवं लावलं.

त्या मंगळवारी पिशवी ठेवून मी पाठ फिरवली नाही. आठ पन्नास झाले. पंचावन्न झाले. पिशवी होती. आतून कप्ताननी दाराची कडी काढली, तो खडखडाट ऐकून मी दाराकडे पाहिलं. पुन्हा खाली पाहिलं.

पायरी रिकामी होती.

"कोण आहे?" कप्ताननी विचारलं.

"मीच," मी म्हणाले.

ती आठवी. त्यानंतरच्या वर्षभरात मी मुंगीसाठी नऊ वर्षांच्या मापाचे कपडे घेतले, आगाऊ. दहाच्याही मापाचे घेतले. लेक हसली, "आई, पोतं घातल्यासारखी दिसेल." ते कपडे कपाटात लेबलासकट टांगलेले आहेत.

शनिवारी मुंगी नऊ वर्षांची झाली. मी धडधाकट आहे. काल सोमवारी लेकीकडे गेले आणि पिशवी मागितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी मागितली.

लेक भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"या वर्षी पिशवी नाही गं, आई. सगळे कपडे होताहेत तिला अजून."

"सगळे?"

"सगळे. बूटसुद्धा. बरंच झालं, तेवढाच कपाटाचा पसारा वाचला." मग म्हणाली, "डॉक्टरांना दाखवलं. होतं म्हणाले एखाद्या मुलाचं असं, वर्षभर वाढ थांबते. रक्त वगैरे ठीक आहे. पुन्हा बोलावलंय."

"कधी?"

"उद्या."

मुंगी अभ्यास टाकून आली. माझ्या हाताला ओढत स्वयंपाकघराच्या दारापाशी घेऊन गेली. तिथे चौकटीवर दर वाढदिवसाची पेन्सिलची रेघ आहे, शेजारी माझ्या अक्षरात वय. या वर्षीची राहिली होती.

"आजी, माप घे."

ती चौकटीला पाठ लावून उभी राहिली. मी डोक्यावर पुस्तक आडवं धरलं.

"वाढले ना?"

"सरळ उभी राहा."

"आहे सरळ."

"टाचा टेकव."

"टेकवल्यात, आजी."

मी रेघ ओढली. पेन्सिल गेल्या वर्षीच्या रेघेतून गेली.